कमी चाललेली गाडी : ठाण्यातील २००७ सालच्या एका बॉक्स्टरच्या दुरुस्तीचे प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या एका दंतवैद्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये २००७ सालची पोर्श बॉक्स्टर १७ लाख ५० हजार रुपयांना घेतली, तेव्हा तिच्या ओडोमीटरवर ३८,२०० किलोमीटरचा आकडा होता. चौदा वर्षांत अडतीस हजार, म्हणजे वर्षाला सरासरी तीन हजारसुद्धा नाहीत. विकणाऱ्याने हा आकडा जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत दिला होता, आणि डॉक्टरांनी मला नंतर सांगितल्याप्रमाणे त्यांनी किमतीची घासाघीस याच आकड्याकडे पाहून थांबवली होती. पुढच्या चार वर्षांत या गाडीचे जे झाले त्याचे मूळ मला त्या आकड्यावर ठेवलेल्या विश्वासात दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी रबाळे एमआयडीसीत जुन्या आयात गाड्यांची तपासणी करून देतो. प्रत्यक्ष दुरुस्ती शेजारच्या गाळ्यातील मिस्त्री करतात, ज्यांच्या हाताखाली मी स्वतः बरेच शिकलो आहे. डॉक्टरांची गाडी माझ्याकडे जुलै २०२४ मध्ये टोचनगाडीवरून आली. मालकांच्या परवानगीने आणि नाव न देता तिची हकीकत खर्चाच्या आकड्यांसह येथे मांडत आहे. आकडे या एका गाडीच्या बिलांवरचे आहेत. सुट्या भागांच्या किमतीत आयात शुल्क आणि कर धरलेले आहेत.

गाडीची ठेवण

बॉक्स्टर हे नाव बॉक्सर आणि रोडस्टर या दोन शब्दांच्या जोडातून आले आहे. बॉक्सर प्रकारचे इंजिन आडवे असते, तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, आणि ते सीटच्या मागे व मागच्या आसाच्या पुढे बसवलेले असते. या विशिष्ट गाडीत २,६८७ सीसीचे, २४५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. चॅसी क्रमांकातील अकरावे अक्षर यू आहे, याचा अर्थ ही गाडी जर्मनीत नव्हे, तर फिनलंडमधील उसिकाउपुंकी येथील वाल्मेट कारखान्यात जुळवली गेली.

खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या गाडीत बॉनेट उघडून इंजिन दिसत नाही. पुढे डिकी आहे आणि मागेही डिकी आहे. तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे मागच्या डिकीत आहेत, तेल मोजण्याची पट्टी नाही, पातळी डॅशबोर्डवरच पाहावी लागते. इंजिनच्या पट्ट्याकडील बाजूस हात घालायचा तर सीटमागचा गालिचा आणि पत्रा काढावा लागतो, आणि क्लचकडील बाजूस जायचे तर खालून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे पाचशे रुपयांचे रबरी सील बदलण्यासाठीही चाळीस हजारांची मजुरी लागू शकते. जुन्या स्पोर्ट्स गाडीचे अंदाजपत्रक करताना सुट्या भागाच्या किमतीआधी तिथपर्यंत हात कसा पोहोचतो हे विचारावे, असे माझे मत या गाडीने अधिक पक्के केले.

तक्रार आणि पहिले निदान

एप्रिल २०२४ मध्ये डॉक्टरांच्या इमारतीच्या तळघरात वॉटरप्रूफिंगचे काम निघाले आणि सर्व गाड्या बाहेर काढाव्या लागल्या. बॉक्स्टर आवारातल्या गुलमोहराखाली कापडी आच्छादन घालून उभी राहिली. मेच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती जागची हलली नाही. त्यानंतर किल्लीच्या बटणाने दार उघडेना. किल्ली लावून दार उघडले तेव्हा आत कुबट वास होता, आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून इंजिन सुरू केल्यावर एक्झॉस्टमधून इतका दाट पांढरा धूर आला की सुरक्षारक्षक आग लागली असे समजून धावत आले. इंजिनातून खडखडाटही येत होता. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात इंजिन बंद केले, आणि या सबंध प्रकरणात त्यांनी केलेली ही सर्वांत योग्य गोष्ट होती.

गाडी आधी एका गॅरेजमध्ये नेण्यात आली. तेथे धूर आणि आवाज एवढ्यावरून इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या शाफ्टचे बेअरिंग गेले असे निदान झाले, आणि इंजिन काढून पूर्ण उघडण्याचे ११ लाख ५० हजार रुपयांचे अंदाजपत्रक देण्यात आले. तेलाचा फिल्टर उघडून पाहिला गेला नव्हता, स्कॅनर लावला गेला नव्हता. त्या गॅरेजच्या हेतूविषयी मला शंका नाही. या पिढीच्या बॉक्स्टरविषयी वाचायला बसलेला माणूस सर्वप्रथम याच बेअरिंगविषयी वाचतो, आणि जे नाव आधीच मनात बसलेले असते ते खडखडाट ऐकताच ओठांवर येते.

त्या बेअरिंगची भीती निराधार नाही. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्यांना गती देणारा एक मधला शाफ्ट या इंजिनात आहे आणि त्याचे एक टोक बंद बॉल बेअरिंगवर फिरते. बेअरिंगच्या आतले ग्रीस काळाच्या ओघात धुतले जाते, सीलमुळे इंजिनचे तेल आत पुरेसे पोहोचत नाही, आणि बेअरिंग तुटलेच तर साखळीची वेळ चुकून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या बॉक्स्टर आणि पोर्शच्याच ९११ गाड्यांसंबंधी याच दोषावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तो तडजोडीने मिटला. मात्र डॉक्टरांची गाडी २००७ ची आहे. २००६ पासून २००८ पर्यंतच्या इंजिनांत हे बेअरिंग आकाराने मोठे आणि बरेच टिकाऊ आहे. २००९ पासून इंजिनची रचनाच बदलली आणि हा शाफ्ट उरला नाही. मोठ्या बेअरिंगची एक अडचण अशी की, इंजिनचे आवरण दुभंगल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणे म्हणजे थेट इंजिन उघडण्याचा निर्णय घेणे ठरते, आणि असा संशय पुराव्याशिवाय घेऊ नये.

पट्टा काढून ऐकलेले इंजिन

पहिल्या दिवशी आम्ही इंजिन सुरू केलेच नाही. तेल काढून फिल्टरचा कागद कापून पसरला, त्यावरून लोहचुंबक फिरवले. पोलादाची एकही चमकती कपची निघाली नाही. साखळीच्या प्लास्टिक पट्ट्यांचे दोन-तीन तपकिरी कण निघाले, आणि ते या वयाच्या इंजिनात चालून जातात. सहाही प्लग काढून बोरस्कोपने, म्हणजे नळीच्या टोकावरच्या बारीक कॅमेऱ्याने, सिलिंडरच्या भिंती पाहिल्या. उभे ओरखडे नव्हते, पण डाव्या बाजूच्या दोन सिलिंडरांत पिस्टनच्या माथ्यावर ओले तेल साचले होते. तसेच इंजिन स्टार्टरने पुनःपुन्हा फिरवले असते तर ते दाबले न जाणारे तेल कनेक्टिंग रॉड वाकवू शकले असते. डॉक्टरांनी वेळेवर इंजिन बंद केले हे योग्य झाले असे मी वर म्हटले, ते यासाठी.

तेल उपसून, नवे तेल भरून दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केले. धूर होताच, खडखडाटही होता. मिस्त्रींनी सीटमागचा पत्रा काढला, बाहेरचा पट्टा उतरवला आणि पट्ट्याविना इंजिन चाळीस सेकंद चालवले. पाण्याचा पंप फिरत नसल्याने ते याहून अधिक चालवता येत नाही. खडखडाटाचा मोठा भाग नाहीसा झाला. राहिली ती बारीक टकटक, आणि तेल वर चढल्यावर तीही थांबली. दीड-दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमधले तेल उतरते, त्याचा तो आवाज. मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहेब, आवाज इंजिनाच्या बाहेर आहे, आत नाही.” हाताने फिरवून पाहिले तेव्हा पाण्याच्या पंपाची पुली चक्क डुलत होती आणि एक आयडलर, म्हणजे पट्ट्याला वळण देणारी पुली, खरखरत होता. स्कॅनरवर कॅमशाफ्टच्या वेळेतली विचलने मर्यादेत आणि स्थिर होती; मधल्या शाफ्टमध्ये ढिलाई असती तर ती तशी स्थिर राहिली नसती.

साडेअकरा लाखांचा प्रश्न चाळीस सेकंदांत निकालात निघाला. अर्थात त्याआधीचा दीड दिवस त्यासाठीच खर्ची पडला होता, आणि तपासणीचे १४,००० रुपये डॉक्टरांना जास्त वाटले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. ठाणे-नवी मुंबईत तपासणीसाठी वेगळे पैसे देण्याची सवय ग्राहकांना अजून नाही. ते फुकट करून द्यावे अशी अपेक्षा असते, आणि जे फुकट करायचे असते ते घाईत होते.

धुराचे कारण

आडव्या इंजिनात बऱ्याच दिवसांनी सुरू करताना थोडा धूर निघणे नैसर्गिक आहे, कारण खालच्या बाजूला तेल झिरपून साचते. तो धूर मिनिटभरात जातो. येथे तो जात नव्हता. कूलंटचा गोडसर वासही नव्हता, आणि कूलिंग यंत्रणेवर दाब देऊन ठेवला असता तो तासाभरात किंचितच उतरला. तोही पंपाच्या पोटातून पडलेल्या थेंबांमुळे. म्हणजे हेड गॅस्केटचा संशय मिटला आणि उरले एअर-ऑइल सेपरेटर.

क्रँककेसमधील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या आवरणातील, वाफ आणि तेलाचे तुषार वेगळे करून, तेल खाली व वायू इनटेककडे पाठवणारे हे प्लास्टिकचे डबडे आहे. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. हा पडदा फाटला की इनटेकची ओढ थेट क्रँककेसला लागते आणि इंजिन स्वतःचेच तेल ओढून जाळू लागते. पडताळण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मिस्त्रींनी फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून ठोकली, तिच्यात पाणी भरले आणि दुसरे टोक तेल भरण्याच्या तोंडावर बसवलेल्या झाकणातून आत घातले. गरम इंजिन आयडलवर असताना निरोगी गाडीत पाण्याच्या दोन पातळ्यांत पाच इंचांच्या आसपास फरक पडतो. येथे तो अकरा इंच पडला. नवा सेपरेटर २४,००० रुपयांचा, त्याच्या बेलो आणि नळ्या ९,५०० च्या, मजुरी १२,०००. जुना काढून कापला तेव्हा रबर बोटांनी चुरगळता आले. कारखान्यातून आलेला तो पहिलाच सेपरेटर होता, सतरा वर्षांचा.

रबराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला उष्णता कळते, तेलाची वाफ कळते आणि वर्षे कळतात. बेचाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीतला हा पडदा दीड लाख चाललेल्या गाडीतल्या पडद्याइतकाच म्हातारा असतो. उलट जास्त चाललेल्या गाडीत तो एव्हाना एकदा बदलला गेलेला असतो. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मी कमी चाललेली गाडी नाही, कमी दुरुस्त झालेली गाडी घेतली.” मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते.

पाणी आत कसे आले

कुबट वासाचा शोध अधिक सोपा होता आणि अधिक क्लेशदायक. कापडी छपरावरून ओघळणारे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना, छप्पर दुमडते त्या खोबणीतल्या निचऱ्याच्या तोंडांतून खाली जाते. ती तोंडे बोटभर रुंद आहेत. गुलमोहराचे पान म्हणजे शेकडो बारीक पर्णिका, आणि त्या वाऱ्यावर धुळीसारख्या पडतात. आच्छादन मागच्या बाजूला सैल होते. पर्णिका आत शिरल्या, पहिल्या पावसात भिजल्या आणि दोन्ही तोंडांत चिखलाचा बूच बसला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात त्या खोबणीतले पाणी मग केबिनमध्ये उतरते. गालिच्याखाली स्पंजचा जाड थर आहे, तो पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर गालिचा जेमतेम दमट लागतो.

सीट, गालिचे, स्पंज सर्व बाहेर काढून तीन दिवस पंख्याखाली वाळवले. खालच्या वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवा गंज चढू लागला होता. त्या एकेक करून साफ केल्या, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची पेटी उघडून, धुऊन, वाळवून परत बसवली. ती सुदैवाने वाचली. या कामाचे १८,५०० रुपये झाले. पेटी गेली असती तर नवी मागवून गाडीच्या किल्ल्यांशी जुळवण्याचा खर्च कित्येक पटींनी वाढला असता. निचऱ्याची तोंडे साफ करायला मऊ नळी आणि दहा मिनिटे लागतात. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळ्याच्या मध्यावर एकदा हे काम मालकाने स्वतः करावे, त्यासाठी गॅरेजची गरज नाही.

पुढच्या बंपरमध्येही हाच प्रकार सापडला. या गाडीचे दोन रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि त्यांच्या समोर एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडे उघडी असल्याने रस्त्यावरचा पाला सरळ आत जातो आणि दोहोंच्या मध्ये अडकतो. बंपर उतरवला तेव्हा प्रत्येक बाजूने ओंजळभर काळा, ओला कचरा निघाला. खाडीकाठच्या खारट हवेत असा ओला पाला ॲल्युमिनियमला चिकटून राहिला तर ते आतून खाल्ले जाते. उजवा कंडेन्सर तसाच झिरपत होता. सफाईची मजुरी ९,०००, नवा कंडेन्सर २७,०००, गॅस ४,५००.

पाण्याचा पंप बदलताना एक निवड करावी लागली. मूळ पंपाचे पाते प्लास्टिकचे असते आणि ते तुटून तुकडे कूलंटच्या मार्गात अडकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून बाजारात धातूच्या पात्याचे पंपही मिळतात. मी मूळ पद्धतीचाच घ्यायला सांगितला, कारण बेअरिंग डुलू लागले तर धातूचे पाते इंजिनच्या आवरणालाच खरवडते, आणि ते नुकसान भरून निघत नाही. पंप ३४,०००, थर्मोस्टॅट ८,५००, पट्टा ५,५००, आयडलर ७,०००, कूलंट ११,००० आणि मजुरी २२,००० असे ८८,००० रुपये लागले. यंत्रणेत वीस लिटरच्या आसपास कूलंट मावते आणि नळ्या पुढून मागेपर्यंत जातात, त्यामुळे ते निर्वात पंप लावूनच भरावे लागते. वरून ओतल्यास मध्ये हवा अडकते.

सहाही इग्निशन कॉइलच्या प्लास्टिकला तडे गेले होते. कॉइल, प्लग आणि मजुरी मिळून ५४,६००, तेल आणि फिल्टर १३,५००, बॅटरी १६,५००. तपासणीपासून बॅटरीपर्यंत पहिल्या टप्प्याची बेरीज २,९१,१०० रुपये झाली आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी गाडी धूर न काढता घरी गेली.

टायरचा खर्च डॉक्टरांनी धरला नव्हता. पुढे २३५/४०, मागे २६५/४०, अठरा इंची. खाचा भरपूर खोल, म्हणून विकणाऱ्याने ते जवळपास नवे म्हणून दाखवले होते. बाजूला कोरलेले चार अंक मात्र २३१४ होते, म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातले उत्पादन. दहा वर्षांचे रबर ओल्या पूर्व द्रुतगती महामार्गावर काय करील हे पाहण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. चार टायर १,१६,०००. त्याच वेळी पुढचे दोन खालचे आर्म, ज्यांचे बॉल जॉइंट गतिरोधकांवर ठोकत होते, मजुरी आणि अलाइनमेंटसह ६२,५०० ला बदलले.

माझी चूक

जानेवारी २०२५ मध्ये गाडी पुन्हा आली. गायमुखचा चढ चढताना इंजिनचे फेरे वाढत होते पण वेग वाढत नव्हता, आणि क्लचचे पेडल जड झाले होते. घोडबंदर रस्त्यावरच्या रोजच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहिलेल्या गाडीचा क्लच ४४,००० किलोमीटरला संपला यात नवल नाही. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलाचा ओलावा होता आणि मागच्या डिकीत कूलंटचा वास येत होता. कूलंटच्या टाकीला तळाशी केसासारखा तडा गेला होता.

फेब्रुवारीत गिअरबॉक्स उतरवला. क्लचचा संच ८८,०००, क्रँकशाफ्टचे मागचे सील ४,५००, गिअर ऑइल ७,०००, टाकी मजुरीसह ३८,०००. मधल्या शाफ्टचे झाकण आता समोर होते. मधला नट २२ मिलिमीटरचा होता, म्हणजे बेअरिंग मोठ्या प्रकारचेच. ते बाहेर काढता येत नसले तरी त्याचे बाहेरचे सील उचकटून काढता येते, म्हणजे इंजिनचे तेल आत पोहोचू लागते. डॉक्टरांच्या संमतीने कॅमशाफ्ट जागेवर कुलूपबंद करून आम्ही ते केले. झाकणाचे सील आणि बोल्ट ६,५००. सर्व मजुरी ४७,०००. एकूण १,९१,०००.

राहिले ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लच यांमधले दोन भागांचे जड चाक. हाताने फिरवून पाहिले तेव्हा त्याच्या दोन भागांतली ढिलाई नेहमीपेक्षा थोडी अधिक वाटली, पण ग्रीस बाहेर आले नव्हते आणि नव्याची किंमत १,१८,००० होती. मिस्त्री बदला म्हणत होते. बिल आधीच फुगले आहे हे मनात ठेवून मी राहू द्या म्हणालो. जुलै २०२५ मध्ये आयडलवर खडखड सुरू झाली, क्लच दाबला की कमी होणारी. ऑगस्टमध्ये तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरला, पुन्हा ३८,००० रुपयांची मजुरी, फ्लायव्हीलचे १,१८,००० आणि पुन्हा न वापरता येणाऱ्या बोल्टचे २,४००. मी माझे शुल्क घेतले नाही, पण त्यामुळे डॉक्टरांचे अडतीस हजार परत आले नाहीत. जिथे पोहोचायला पैसे लागतात, तिथे पोहोचल्यावर संशयास्पद भाग मागे ठेवू नये, हे मी इतरांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. या वेळी भागाची किंमत पाहिली आणि वाटेची विसरलो.

हिशेब आणि पुढचे

चौदा महिन्यांचा एकूण खर्च ८,१९,००० रुपये, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या सुमारे ४७ टक्के. पहिल्या गॅरेजच्या साडेअकरा लाखांपेक्षा तो कमी आहेच, पण खरी तुलना तशी होत नाही, कारण त्या अंदाजपत्रकात टायर, कंडेन्सर, क्लच, आर्म यांपैकी काहीच नव्हते. इंजिन उघडून पुन्हा बसवल्यावरही हे सर्व खर्च उभेच राहिले असते. खरेदीच्या वेळी मला विचारले असते तर मी गाडी घेऊ नका म्हटले नसते. पाच लाख बाजूला ठेवा आणि किंमत तेवढी खाली आणा, एवढे सांगितले असते.

दुरुस्तीबाहेरचे खर्चही आयात गाडीला वेगळे आहेत. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठी आयात चारचाकीला १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये शुल्क आहे. डॉक्टरांच्या गाडीच्या नोंदणीची मुदत जून २०२२ मध्ये संपत होती, म्हणून ठाण्याच्या आरटीओत त्यांना ते भरावे लागले, शिवाय पर्यावरण कर आणि तंदुरुस्ती तपासणी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढील आयात चारचाकीसाठी हे शुल्क ८०,००० केले. गाडी २०२७ मध्ये वीस वर्षांची होईल, तेव्हा ती रक्कम आतापासून धरून ठेवलेली बरी.

पेट्रोलविषयी डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते आणि २००७ च्या गाडीच्या नळ्या, सील त्याचा विचार करून बनवलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीच्या टाकीत ते अधिक त्रासदायक ठरते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर त्याआधीची भरती निवडक पंपांवर मिळणाऱ्या इथेनॉलविरहित १०० ऑक्टेन पेट्रोलची करावी, असे मी सुचवले. लिटरला दीडशे रुपयांच्या पुढचा तो दर रोजच्या वापरासाठी कोणी देणार नाही, पण वर्षातून एका टाकीसाठी द्यायला हरकत नाही. इंधनाच्या नळ्या मात्र दर वर्षी हाताने चाचपून पाहायच्या आहेत.

तळघराचे काम पूर्ण झाल्याने गाडी पुन्हा आत उभी राहते. डॉक्टर आता दर रविवारी पहाटे ती बाहेर काढतात. ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने पाम बीच रस्त्यापर्यंत जाऊन परत येतात. तेल पूर्ण गरम होऊन त्यातला ओलावा उडून जायला एवढे अंतर पुरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४८,३०० किलोमीटरला तेल बदलले, फिल्टर कापून चुंबक फिरवले, काही निघाले नाही. पाण्याच्या नळीचा फरक सव्वापाच इंच भरला. डाव्या दाराच्या काचेचे रेग्युलेटर अडखळू लागले आहे. त्याचा भाग मागवला आहे, तो आला की दाराचे रबरही त्याच वेळी बदलायचे ठरले आहे.